सरकारी दवाखान्यात लागायचंय? आधी दवाखाना कुणाचा ते बघ

एका सिस्टरने विचारलंय: जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन तीन वर्षं झाली. खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे, हातात तेरा हजार पडतात. मध्यंतरी लग्न झालं, सासर दुसऱ्या जिल्ह्यात. आता आरोग्य विभागात लागायचंय. जाहिराती नेमक्या कुठे येतात? कंत्राटी मिळाली तर घ्यावी का? लग्नानंतर नाव बदललं, त्याचं काय करायचं? आणि नात्यातला एकजण अडीच लाखांत काम करून देतो म्हणतो, त्याला काय सांगायचं?

तुला अरेतुरे करते, राग मानू नकोस. वॉर्डात तशीच सवय झालीय. मी 2007 साली मिशनमध्ये, म्हणजे केंद्राच्या आरोग्य अभियानात, कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून लागले, सहा वर्षांनी सरळसेवेतून, म्हणजे थेट कायम पदाच्या भरतीतून, कायम झाले, आता परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर, आहे. मधल्या काळात भरतीच्या छाननीला चार-पाच वेळा बसवलं गेलं. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर जे दिसलं ते मुख्यतः सांगते. कारण परीक्षेत नापास होऊन नोकरी गेलेल्या मुली मी पाहिल्या, त्याहून जास्त कागदात अडकून गेलेल्या पाहिल्या.

पहिली गोष्ट, 'आरोग्य विभाग' म्हणून तू जे म्हणतेस ते एक घर नाही, ती चाळ आहे. उपकेंद्र आणि पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) जिल्हा परिषदेची, तिथले साहेब म्हणजे डीएचओ, जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि सिव्हिल राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथे सिव्हिल सर्जन. ससून, जेजे, घाटी ही वैद्यकीय शिक्षण विभागाची. केईएम, नायर, सायन मुंबई महापालिकेची. नागपूरचं एम्स थेट केंद्राचं. प्रत्येकाची जाहिरात वेगळी, परीक्षा वेगळी, बदलीचे नियम वेगळे. आणि या सगळ्यांच्या पोटात राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, म्हणजे एनएचएमची, ज्याला आम्ही नुसतं 'मिशन' म्हणतो, त्याची कंत्राटी माणसं पेरलेली. आमच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, एकाच रात्रपाळीला दोन सिस्टर असतात. दोघी त्याच वॉर्मरवरच्या त्याच बाळाला बघतात. एक एस-13 वेतनश्रेणीत, 35,400 मूळ पगार, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. दुसरीला कराराचे वीस हजार. बाळाच्या आईला दोघीही 'सरकारी सिस्टर'च.

हे आधी सांगायचं कारण तुझं सासर. मिशनचं कंत्राट जिल्ह्याच्या सोसायटीशी, म्हणजे मिशनचा पैसा सांभाळणाऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेशी, असतं. एका जिल्ह्यातून उठून दुसऱ्या जिल्ह्यात जाणं जवळपास नव्याने अर्ज करण्यासारखं. जिल्हा परिषदेत कायम झालीस तर आंतरजिल्हा बदली मिळू शकते, पण वर्षानुवर्षं वाट बघून, आणि ज्येष्ठता गमावून नव्या जिल्ह्यात तळाला बसावं लागतं. सार्वजनिक आरोग्य विभागाची भरती मंडळावर चालते. राज्यात आठ मंडळं आहेत: ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अकोला, नागपूर. नोकरी लागल्यावर त्या मंडळातल्या जिल्ह्यांतच फिरायचं. म्हणून अर्जात मंडळ निवडताना 'जागा कुठे जास्त' एवढंच बघू नकोस, पुढची पंधरा वर्षं कुठे राहायचंय ते नवऱ्याबरोबर बसून आधी ठरव. रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात बदलीचा अर्ज घेऊन रडत येणाऱ्या मुली आम्हाला नवीन नाहीत.

जाहिराती कुठे येतात? जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर 'सूचना' आणि त्याखाली 'भरती' असा कोपरा असतो. कंत्राटी जाहिराती बहुतेक तिथेच, नाहीतर जिल्हा परिषदेच्या साइटवर पडतात. सरळसेवेच्या त्या त्या विभागाच्या साइटवर. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ वाईट नसतात, खबर त्याच आधी देतात. पण अर्ज करायच्या आधी तीच पीडीएफ सरकारी साइटवर सापडते का ते बघ. तिच्यावर जावक क्रमांक, तारीख आणि सही आहे का ते बघ. कंत्राटी जाहिरातीला कित्येकदा आठ-दहा दिवसच मिळतात, त्यातले दोन सुट्टीत जातात. सोमवार आणि गुरुवार, सकाळी चहाच्या आधी, आपले तीन जिल्हे उघडून बघायचे. मी हेच करत होते, तेव्हा मोबाइलवर नाही तर सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन.

जाहिरातीतला तक्ता वाचताना सगळे पगाराच्या रकान्याकडे बघतात. तू 'कार्यक्रम' हा रकाना बघ. पद कुठल्या पैशावर चाललंय ते तिथे कळतं. एसएनसीयू, एनआरसी (कुपोषित मुलांचं केंद्र), डायलिसिस, आरबीएसके (मुलांच्या आरोग्य तपासणीचा कार्यक्रम), शहरी अभियान. शहरात आरोग्यवर्धिनीची काही पदं पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशावर काढली होती, आणि त्या आयोगाचा कालावधी 2021 ते 26 एवढाच. पैसा ज्या कार्यक्रमाचा, त्याचं आयुष्य तेवढं तुझ्या पदाचं आयुष्य. बाळ-बाळंतिणीची पदं सहसा टिकतात. एखाद्या मोहिमेपुरती काढलेली पदं मोहिमेबरोबर गुंडाळली जातात, हे कोविडमध्ये लागलेल्या मुलींना विचार. आणि 'बाह्ययंत्रणेद्वारे' असा शब्द दिसला तर ती सोसायटीची कंत्राटी नोकरी नाही. तिथे तुझा मालक एजन्सी. दोन्हीला लोक 'कंत्राटी'च म्हणतात, पण सेवेचा दाखला मागायला गेलीस की फरक कळतो.

आता तुझा खरा प्रश्न, कंत्राटी घ्यावी का.

तुझ्या जागी मी असते तर घेतली असती. तेराचे वीस होतात म्हणून नाही. मिशनच्या बहुतेक जाहिरातींत लेखी परीक्षा नसते, गुणांकन असतं. नेहमीची वाटणी अशी: मूळ पात्रतेच्या शेवटच्या वर्षाच्या टक्केवारीला 50, त्याहून वरच्या शिक्षणाला 20, अनुभवाला 30, वर्षाला सहा प्रमाणे. म्हणजे तुझी तीन वर्षं अठरा गुणांची आहेत. तिसऱ्या वर्षी सत्तर टक्के घेतलेल्या मुलीला पस्तीस मिळतात, साठवालीला तीस. फरक पाचाचा. आणि अनुभवाचं एक वर्ष सहाचं! तरी मुली टक्केवारीवर रडतात आणि अनुभवाच्या दाखल्याकडे ढुंकून बघत नाहीत.

त्या दाखल्यापाशी जरा थांबू, कारण छाननीत सगळ्यात जास्त गुण तिथे सांडतात. एका छाननीतला कागद अजून डोळ्यांसमोर आहे. डॉक्टरांच्या औषधाच्या पॅडवर, निळ्या पेनने: 'यांनी आमच्याकडे दोन-अडीच वर्षे उत्तम काम केले आहे. स्वभावाने मनमिळाऊ.' खाली सही, शिक्का नाही, तारीख नाही. मुलगी चांगली होती, सलाईन लावायला हात इतका हलका की आमच्याच एका सिस्टरने तिला ओळखलं. आम्ही शून्य गुण दिले. द्यावेच लागले. दोन की अडीच? कधीपासून कधीपर्यंत? कुठल्या पदावर? यादीत ती चार गुणांनी राहिली.

दाखला कसा हवा ते सांगते. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, त्यावर नर्सिंग होम नोंदणीचा क्रमांक, जावक क्रमांक आणि तारीख. तुझं नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर आहे तसंच. पद 'स्टाफ नर्स', विभाग आयसीयू, रुजू झाल्याची पूर्ण तारीख आणि सोडल्याची पूर्ण तारीख, किंवा 'आजतागायत'. सही, शिक्का. तारखा कौन्सिलच्या नोंदणीनंतरच्या हव्यात; नोंदणीच्या आधीचं काम कितीही केलं असलं तरी ते कुणी धरत नाही. खासगी हॉस्पिटलवाले दाखला द्यायला कां-कूं करतात, माणूस सोडून जाईल म्हणून. तेव्हा भांडण करून राजीनामा देऊ नकोस. पगाराच्या बँक नोंदी, नेमणुकीचं पत्र जपून ठेव, आणि दाखला हातात पडेपर्यंत गोड बोल.

कंत्राटी घेण्याचं दुसरं कारण. 14 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने मिशनमध्ये सलग दहा वर्षं झालेल्यांना समकक्ष रिक्त पदांपैकी तीस टक्के पदांवर सामावून घ्यायचं ठरलं. पण त्या आशेवर कंत्राटी धरू नकोस. दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं, आणि निर्णय निघाल्यावरही लोकांना तो अमलात यावा म्हणून संपावर बसावं लागलं. फायदा वेगळाच आहे. सरकारी कामाची भाषा अंगात मुरते. रजिस्टर, इंडेंट (औषध-सामानाची मागणी), पोर्टलवरच्या नोंदी, प्रसूतिगृहाच्या 'लक्ष्य' कार्यक्रमाच्या तपासण्या. मी कायमच्या परीक्षेला बसले तेव्हा माता-बाल आरोग्याचे प्रश्न मी वाचलेले नव्हते, रोज भरलेले होते.

तोटाही ऐक. करार वर्षाला काही दिवस कमी ठेवून होतो, मधे खंड दाखवतात. मानधन दोन-दोन महिने अडकतं. अनुदान आलं नाही, एवढंच उत्तर. घरभाडं आणि हप्ता तुझ्या एकटीच्या वीस हजारांवर असेल तर तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय खासगी सोडू नकोस.

सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, हे पद तू मैत्रिणींकडून ऐकलं असशील. उपकेंद्रावर, पंचवीस हजार अधिक कामावर आधारित पंधरा हजारांपर्यंत मोबदला. आपल्याकडच्या जाहिरातींत त्याला बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग मागतात. नुसत्या जीएनएमवर तिथे पोचणं अवघड. पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी, करायची इच्छा असेल तर हे एक कारण धर, वरच्या शिक्षणाचे गुण हे दुसरं.

कायमच्या भरतीचं गणित वेगळं. ती कधी येईल याचा नेम नाही, येते तेव्हा एकदम येते. 2021 ची आरोग्य विभागाची परीक्षा सप्टेंबरात आदल्या संध्याकाळी पुढे ढकलली, ऑक्टोबरात झाली आणि पेपरफुटीने रद्द झाली. मग थेट 2023 च्या ऑगस्टमध्ये 10,949 पदांची जाहिरात. त्याच वर्षी जिल्हा परिषदांची 19,460 आणि वैद्यकीय शिक्षणाची 5,182 पदं. आधी दोन-तीन वर्षं दुष्काळ आणि मग एका वर्षात ढगफुटी. ज्यांची कागदपत्रं तयार होती त्यांनी तिन्हीकडे अर्ज टाकले. ज्यांची नव्हती ती तहसीलच्या सेतूच्या रांगेत होती. खुल्या गटाला एका अर्जाचे हजार रुपये लागत होते, मागास प्रवर्गाला नऊशे; तेवढे पैसेही बाजूला ठेव.

जिल्हा परिषदेच्या त्या परीक्षेत आरोग्याच्या पदांना शंभर प्रश्न, दोनशे गुण: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता प्रत्येकी पंधरा, आणि आपला विषय चाळीस. आपल्या मुली चाळिसातले तीस सहज काढतात आणि समास, प्रयोग, नळ-टाकीच्या गणितात साफ पडतात. रोज रात्रपाळी करून तू नर्सिंगचं जाडजूड पुस्तक पुन्हा वाचत बसणार असशील तर थांब. ते तुला येतं. दहावीचं मराठी व्याकरण आणि अंकगणित काढ. गट क ला, म्हणजे आपल्या पदांच्या वर्गाला, मुलाखत नसते, म्हणून प्रत्येक दोन गुण तिथेच कमवायचे.

अधिपरिचारिकेच्या, म्हणजे कायम स्टाफ नर्सच्या, जाहिरातीत 'शासकीय 50 टक्के' आणि 'खासगी 50 टक्के' असे दोन वाटे दिसतील. ते हॉस्पिटलबद्दल नाहीत, तू नर्सिंग कुठल्या संस्थेतून केलंस त्याबद्दल आहेत. खासगी हॉस्पिटलात काम करते म्हणून खासगीत आणि आता सरकारी कंत्राटी आहे म्हणून शासकीयमध्ये अर्ज भरणाऱ्या मुली दरवेळी निघतात. परीक्षा देतात, पासही होतात, पडताळणीत बाद.

एम्सची नॉर्सेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर पदाची परीक्षा, वेगळ्याच जातीची. पगार जास्त, मूळ 44,900 पासून. जीएनएमवाल्यांना पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, वय साधारण तिशीच्या आत, चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि नेमणूक देशात कुठेही. ऐंशी टक्के जागा बायकांना आहेत. वय बसत असेल तर एकदा देच. राज्यात वयाची मर्यादा खुल्या गटाला 38, मागास प्रवर्गाला 43, त्यामुळे इथे तुला श्वास घ्यायला जागा आहे.

आता नावाचा घोळ. तुझी दहावी-बारावी, जीएनएम, कौन्सिल सगळं माहेरच्या नावाने. आधार आणि पॅन सासरच्या. दोन्हींच्या मधे पूल हवा. तो म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि त्याहून पक्कं राजपत्र. राजपत्रात नाव छापून आलं की ते पान सगळ्या संचांत दुसऱ्या क्रमांकाला लाव. अर्ज मात्र दहावीच्या सनदेवरच्या नावानेच भर, फॉर्म 'नाव बदललं आहे का' असं विचारतो तिथे नवं नाव. तू मागास प्रवर्गातली असशील तर जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर माहेरच्या नावानेच हवं. नॉन-क्रिमिलेअर आईवडिलांच्या उत्पन्नावर निघतं. नवऱ्याच्या उत्पन्नावर काढलेला दाखला घेऊन आलेल्या तीन मुली मी एका दिवसात परत जाताना पाहिल्या. शिवाय त्याची मुदत संपते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो जिवंत असला पाहिजे. खुल्या गटातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी तो पूर्वी लागायचा, 2023 पासून लागत नाही. अधिवासाचा दाखला एकदाच काढ, तो जन्मभर पुरतो.

कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते. इथे माझंच सांगते. कंत्राटी असताना सरळसेवेची पहिली संधी माझी अशीच गेली. यादीत नाव आलं, पडताळणीला गेले, बाई प्रमाणपत्र उलटं करून बघतात तर मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली. मी रोज काम करत होते, कुणी कधी विचारलं नव्हतं, मलाही वाटलं नव्हतं की कुणी मागची बाजू बघेल. त्यांनी अर्धा तास थांबवलं, साहेबांना विचारलं, आणि 'पुढच्या वेळी' म्हणाल्या. पुढची वेळ दोन वर्षांनी आली. आज घरी गेल्यावर तुझं प्रमाणपत्र उलटं करून बघ.

कंत्राटी अर्जाला अजून कित्येक ठिकाणी डिमांड ड्राफ्ट मागतात. तो डीएचओच्या किंवा सिव्हिल सर्जनच्या नावाने काढायचा नाही. जाहिरातीत जिल्हा एकात्मिक आरोग्य व कुटुंब कल्याण सोसायटीचं नाव इंग्रजीत दिलेलं असतं, ते अक्षर न् अक्षर तसंच बँकेत दाखव. बँकेतला मुलगा ते आखूड करायला बघतो, करू देऊ नकोस. ड्राफ्टच्या मागे पेन्सिलीने नाव, पद, मोबाइल. झेरॉक्स आपल्याकडे. पाकिटावर पदाचं नाव जाहिरातीत आहे तसं. आणि अर्ज हाताने देणार असशील तर पोचीचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस, भले शिपाई वैतागला तरी.

छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आणि एमएस-सीआयटी यांची उजळणी करत नाही, ती सगळ्यांना ठाऊक असतात. निवड झाली नाही आणि प्रतीक्षा यादीत नाव आलं तर मात्र वर्षभर फोन बंद ठेवू नकोस, नंबर बदलू नकोस. लांबच्या तालुक्यात नेमणूक मिळालेल्या किती जणी रुजूच होत नाहीत! त्यांची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या फोन उचलणारीला जाते.

राहिला तो अडीच लाखवाला. त्याचं काम कसं चालतं ते आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. गट क ला मुलाखत नाही, पेपर संगणकावर, कंत्राटीत गुणांची यादी भिंतीवर लागते आणि हरकतीला मुदत मिळते. मग तो नेमका हात घालतो कुठे? कुठेच नाही. तो वीस जणींकडून पैसे घेतो आणि घरी बसतो. त्यातल्या दोघी-तिघी आपल्या गुणांवर लागतात, त्यांचे पैसे ठेवून घेतो. बाकीच्यांना 'या वेळी वरून काम झालं नाही' म्हणून थोडे कापून परत करतो, आणि माणूस सचोटीचा म्हणून नाव कमावतो. तुझं काम होईल ते तुझ्याच अठरा गुणांवर होईल. त्याला सांग, आधी यादी लागू दे, नाव आलं तर पेढे घेऊन येते.